उपटायचं की लावायचं

प्रवासवर्णन लिहायचं तर माणसाने निदान एखादा घाट तरी ओलांडलेला असावा, चार कपडे घालून बॅग तरी भरलेली असावी. मी मुलुंडहून बोरिवलीला गेले. मग आरेला गेले. आणि शेवटी मुलुंडहून मुलुंडलाच गेले. तरीही लिहिते आहे, कारण सिमल्याच्या सहलीत मला जेवढं परकं वाटलं नव्हतं तेवढं या तीन रविवारांत वाटलं. सिमल्याला काय बघायचं ते निदान ठरलेलं असतं. इथे जाताना एक समजून गेले, येताना भलतंच काहीतरी घेऊन आले, आणि ते काय आहे हे मला अजून नीट कळलेलं नाही. ज्यांना असल्या जंगलातल्या श्रमदानाला जायचं आहे पण रविवारची झोप मोडवत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते.

बरोबर आई होत्या. आई म्हणजे सासूबाई. माझ्या आईला मी मम्मी म्हणते, त्यामुळे घरात घोटाळा होत नाही. आई कुडाळकडच्या. सासरे गेल्यानंतर त्या गावच्या घरात एकट्याच राहायच्या, आणि मजेत राहायच्या. गेल्या थंडीत शेजारच्या सुमनताईंना त्या भर दुपारी एसटी स्टँडवर उभ्या दिसल्या. कुठे निघालात विचारलं तर त्यांना सांगता येईना. सुमनताईंनी फोन केला, नीलेश, म्हणजे माझा नवरा, रात्रीच्या गाडीने गेला आणि त्यांना दहा दिवसांसाठी म्हणून मुलुंडला घेऊन आला. ते दहा दिवस होळी उलटली तरी संपले नव्हते. मध्ये एकदा दूध गॅसवर ठेवून त्या गॅलरीत जाऊन बसल्या. पातेलं जळालं. पातेलं माझ्याही हातून जळतं, पण माझं जळलेलं पातेलं कोणी लक्षात ठेवत नाही.

नीलेशने मनाशी ठरवलं की आई आता इथेच. आईंनी ठरवलं होतं की चतुर्थीच्या आत गावाला. दोघांचं समोरासमोर भांडण होत नव्हतं, दोघं मला मध्ये घालत होते. आई रोज सकाळी चहा पिताना विचारायच्या, "माका कदी धाडतास?" आणि नीलेश रोज रात्री विचारायचा, तुला काय वाटतं, ती एकटी राहू शकेल का? तू बाई आहेस, तुला कळेल. बाई असल्याने हे कसं कळतं ते त्याने सांगितलं नाही. परीक्षा आईंची, आणि पेपर तपासायला मी. मी सोमवार ते शनिवार साकीनाक्याला एका पॅकेजिंगच्या ऑफिसात असते, तेव्हा तपासायला रविवारच उरला.

अशात ऑफिसच्या ग्रुपवर एका संस्थेचा मेसेज आला. डोंगरालगतच्या जंगलात श्रमदान, सर्व वयोगटांचं स्वागत, टोपी आणि पाण्याची बाटली आणा. मी आईंना विचारलं. जंगल कुणाचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं सरकारचं. त्यावर त्यांनी मग आपण कशाला, असा चेहरा केला, पण आल्या.

बोरिवली

मुलुंडकरांना बोरिवली शेजारी वाटते आणि ती शेजारी आहेही. मध्ये फक्त जंगल आहे. बिबट्याला जायचं तर रात्रीत जाऊन येईल. माणसाला त्या जंगलाला वळसा घालून जावं लागतं, आणि वळसा घालून पोचेपर्यंत आपण परगावी आलो असं वाटायला लागतं. बोरिवलीची हवासुद्धा मला वेगळी वाटली. आमच्याकडे सकाळी फिरायला येणारे लोक भरभर चालतात आणि कुणाशी बोलत नाहीत, इकडचे हळू चालतात आणि सगळ्यांशी बोलतात. त्यातल्याच एका जिग्नेशभाईंनी आम्हाला रस्ता दाखवला आणि मग दिवसभर आम्हाला सोडलं नाही. बोरिवलीत त्यांचं पडद्याच्या कापडाचं दुकान आहे, मराठी फर्डं, आणि पिशवीत थेपल्यांचा एवढा मोठा डबा की संस्थेने बोलावलंय की त्यांनी, असं वाटावं.

संस्थेच्या वतीने तन्वी नावाची मुलगी होती. पंचविशीतली असेल, गुडघ्यापर्यंत बूट, केस टोपीत कोंबलेले. तिने आधी सगळ्यांना गोल उभं केलं आणि प्रत्येकाने नाव आणि आज आपल्याला कसं वाटतंय ते सांगायचं असं सांगितलं. असली पद्धत आमच्याकडे नाही. आमच्या सोसायटीच्या सभेत कुणाला कसं वाटतंय हे न विचारताच कळतं. लोक म्हणत होते, उत्साही वाटतंय, कृतज्ञ वाटतंय. आईंची पाळी आली तेव्हा त्यांनी पदर नीट केला आणि "पाय दुखतत" असं सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या का वाजल्या हे आईंना कळलं नाही, आणि मलाही.

मी समजून गेले होते की झाडं लावायची. तन्वीने सांगितलं, आज उपटायची. जंगल वाचवायला आलेल्या माणसांच्या हातात कुदळी आणि कोयते पाहून मी दोनदा विचारलं. उपटायची होती घाणेरी, त्या लाल-पिवळ्या गुच्छांच्या झुडपाला म्हणतात ती. लहानपणी घाटकोपरला नाल्याच्या कडेला ती फुलं तोडून मी मध चोखत असे. आत्ताही त्यांच्यावर फुलपाखरं बसलेली होती. तन्वी म्हणाली, ही बाहेरच्या देशातून आली आहे, हिच्याखाली दुसरं काही उगवत नाही, आणि वणवा लागला की आधी हीच पेटते. उपटायची ती मुळासकट, आणि उपटल्यावर मुळं आभाळाकडे करून ठेवायची. मुळाला माती लागली की ती परत रुजते.

आईंना हे अजिबात पटलं नाही. "ही तर आमच्याकडे कुंपणाक लावतत," त्या म्हणाल्या, आणि एका दगडावर बसून राहिल्या. मी मात्र उपटत सुटले. उपटता उपटता परदेशी झाडांची चौकशी केली आणि तिथेच फसले. गुलमोहर परदेशी. सुबाभूळ परदेशी. आमच्या सोसायटीच्या फाटकावरचं ते मोठं सावलीचं झाड, ज्याच्या फांद्या तोडू नयेत म्हणून मी गेल्या वर्षी सेक्रेटरीशी भांडले, तेही परदेशी. मी विचारलं, मग मिरची? तन्वीने हसून मान्य केलं, मिरचीसुद्धा, पण मिरची जंगलात घुसत नाही. बटाटा, टोमॅटो, पेरूही बाहेरचेच निघाले. दुपारपर्यंत माझी अशी अवस्था झाली की एखादं झुडूप धरलं की ओढण्याआधी मी त्याच्याकडे संशयाने बघत बसे. एकदा अशीच बघत असताना न बघता ओढलेलं दुसऱ्या हातातलं झुडूप करवंदाचं निघालं, कच्च्या करवंदांसकट.  तन्वीने ते शांतपणे परत लावलं, आणि ते जगलं नसणार हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

जेवणाच्या आधी जिग्नेशभाईंना खाजकुयली लागली. शेंगेवरची ती मऊ तपकिरी लव मखमलीसारखी दिसते, आणि कापडाच्या व्यापाऱ्याला मखमल दिसली की हात लावल्याशिवाय राहवत नाही. मग ते उड्या मारायला लागले आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी खोबरेल म्हणालं, कुणी बर्फ, कुणी गोळी काढून दिली. आई म्हणाल्या शेण लावा. शेण मिळालं नाही, गोळी घेतली, आणि खाज आपल्या वेळेने थांबली. थेपले आम्ही सगळ्यांनी खाल्ले, ते बिचारे हात लांब धरून बघत होते.

परत येताना मी आईंचा हिशेब मांडला. दिवसभर एकही गोष्ट वावगी बोलल्या नव्हत्या. नाव, गाव, सुमनताईंचा नातू, सगळं बरोबर. त्या नाहीत, मीच गोंधळले होते. रात्री नीलेशला सांगितलं, मला काही तसं दिसलं नाही रे. तो म्हणाला, एका दिवसाने काय कळतं.

आरे

दुसऱ्या वेळी आम्हाला आरेला बोलावलं. मे महिना होता. आरेत शिरलं की गोरेगाव मागे कुठे राहतं कळत नाही. रस्त्याच्या एका बाजूला तबेल्यांचा वास, दुसऱ्या बाजूला इतकी सावली की आई म्हणाल्या, हे बरं आहे. पाड्याच्या अलीकडे एका मोकळ्या जागेत संस्थेची रोपवाटिका होती. इथे उपटायचं नव्हतं. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत माती आणि खत भरून बिया टोचायच्या होत्या. पुन्हा गोल, पुन्हा कसं वाटतंय. मी म्हटलं, मला गोंधळल्यासारखं वाटतंय. त्यालाही टाळ्या मिळाल्या.

बहावा, कांचन, आपटा, मोह अशी नावं काड्यांवर लिहून रांगांत खोचलेली होती. कांचन आणि आपटा यांची पानं इतकी सारखी की मी दोन्ही रांगांच्या मध्ये उभी राहून रडणं तेवढं बाकी ठेवलं. दसऱ्याला आपण सोनं म्हणून काय काय वाटलं असेल या विचाराने मला घाम फुटला. तन्वी म्हणाली, बरेच लोक कांचनच वाटतात, तुम्ही काही पहिल्या नाहीत. तिला वाटलं हे ऐकून मला धीर येईल.

आई मात्र त्या दिवशी खुलल्या. दगडावर बसल्या नाहीत. साडीचा काष्टा मारल्यासारखा पदर खोचला आणि पिशव्या भरायला बसल्या ते दुपारपर्यंत. मातीत हात गेल्यावर त्यांचा चेहरा बदलला, हे मी शपथेवर सांगते. मी एक पिशवी भरून, ती कलंडून, परत भरेपर्यंत त्यांची ओळ पुढे गेलेली असायची. हाताने काम चालू, तोंडाने गाणं नाही, बोलणं नाही. मी मनातल्या मनात नीलेशला उत्तर तयार करत होते. ही बाई एकटी राहू शकत नाही, तर मग कोण राहू शकतं?

आणि तेवढ्यात तन्वी पाणी घेऊन आली. आईंनी वर बघितलं आणि तिला म्हणाल्या, "सुमन, कोंबड्यांक दाणे घातलंस मा?"

तन्वीला मालवणी कळत नाही. ती गोड हसून हो म्हणाली आणि पुढे गेली. आई परत कामाला लागल्या. मी तिथे हातात मातीचा गोळा घेऊन उभी राहिले. मी स्वतःला समजावलं की नावात चूक कुणाचीही होते, आमचा साहेब मला तीन वर्षं मानसी म्हणतो, माझं नाव मनीषा आहे. पण कोंबड्या सासरे असताना होत्या. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

जेवताना मी आडून विचारलं, आई, गावाला आता कोंबड्या किती आहेत? त्यांनी माझ्याकडे मी खुळी असल्यासारखं बघितलं आणि कोंबड्या आता कुठल्या, असं म्हणाल्या. म्हणजे पुन्हा सगळं जागच्या जागी. घड्याळ बंद पडून आपोआप चालू व्हावं तसं. मला कळेना की ते बंद पडलं हे सांगायचं, की चालू झालं हे.

नीलेशला मी अर्धंच सांगितलं. पिशव्यांचं सांगितलं. कोंबड्यांचं राहिलं. राहिलं म्हणजे मी ठेवलं. तो मोबाइलवर औषधवाल्याला आईंच्या तीन महिन्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी पाठवत होता, आणि म्हणाला, डॉक्टर म्हणतात ही विसरण्याची सुरुवात आहे, पण सुरुवात किती दिवस चालते ते कुणीच सांगत नाही. त्याचा आवाज ऐकून मला त्याचाही राग येईना. त्याला आई हवी होती, डोळ्यांसमोर. यात चूक काय हे मला आजही दाखवता येणार नाही.

मुलुंड

जुलैत लावणीचं श्रमदान आमच्याच मुलुंडला निघालं, डोंगराच्या आमच्या अंगाला. घरातून रिक्षाने गेलो तर ड्रायव्हरचा मीटर पुरता हलला पण नाही. इतकी वर्षं मी खिडकीतून तो डोंगर बघते आहे, पावसाळ्यात हिरवा, उन्हाळ्यात तपकिरी, आणि त्याच्यावर पाय ठेवायला मला बोरिवलीच्या लोकांनी आणावं लागलं. जिग्नेशभाई थेपल्यांसह हजर होतेच. मुलुंड त्यांना फार लांब पडतं असं ते म्हणाले, जणू आम्ही त्यांच्याकडे उडत गेलो होतो.

रात्रभर पडून पाऊस सकाळी उघडला होता. वरून एक ओहोळ खळखळत येत होता, त्याच्या अलीकडे उतारावर आधीच खड्डे करून ठेवलेले. ज्या जागेवरून आदल्या वर्षी घाणेरी काढली होती, तिथेच आता रोपं लावायची. ट्रकमधून आलेल्या रोपांत आरेची रोपंही होती. तन्वी एकेका क्रेटला हात लावून सांगत होती, ही मागच्या वर्षीची, ही दोन उन्हाळे जगलेली, ही बिबव्याची, याचं बी मिळायला मी किती फिरले. लेकरं शाळेत घालायला आणल्यासारखी तिची लगबग चालली होती. खरं सांगते, मला त्या दिवशी ती मुलगी फार आवडली.

सकाळभर आम्ही लावणी केली. पिशवी फाडायची, मातीचा गोळा न फोडता खड्ड्यात ठेवायचा, भोवती पायाने हलकेच दाबायचं. मी आणि जिग्नेशभाई एका ओळीत, आई आमच्या पुढे. चिखलात त्यांचे पाय माझ्यापेक्षा घट्ट होते. मी दोनदा घसरले, एकदा बसलेच. आई एवढंच म्हणाल्या की चपला काढ, चिखलात चपला कशाला. काढल्या, आणि खरंच घसरायची थांबले.

मग जेवण झालं. कुणीतरी पाड्यावरून काळा चहा आणला होता, आल्याचा, त्याच्याभोवती सगळे जमले. सगळ्या मंडळींचा फोटो काढायचा होता. फोटोसाठी ओळीत उभं राहताना मी आईंना हाक मारली आणि उत्तर आलं नाही.

ओहोळ फुगलेला नव्हता, पण मला तेव्हा तो फुगलेलाच वाटला. मी पळत खाली गेले. आई ओहोळाच्या काठाला होत्या. कमरेत वाकलेल्या, साडी गुडघ्यावर, पाठ माझ्याकडे. त्यांच्या मागे, सकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून लावलेल्या ओळींतल्या खालच्या ओळी रिकाम्या होत्या. नुसते खड्डे. आई एकेक रोप उपटून आणत होत्या, ओहोळाच्या पाण्यात मुळं खळबळून धूत होत्या, मूठभर झाली की लांब गवताची पात गुंडाळून तिची जुडी बांधत होत्या, आणि जुड्या काठावर एका रांगेत मांडत होत्या. सगळ्या जुड्यांची मुळं एका बाजूला. इतकं नेटकं काम मी क्वचित पाहिलं असेल.

मी बीडकडची, त्यातून घाटकोपरची. आमच्या गावाला ज्वारी, ती पेरली की पेरली. कोकणात भाताचा तरवा आधी एका कोपऱ्यात दाट वाढवतात, मग उपटून, मुळं धुऊन, जुड्या बांधून दुसऱ्या मळ्यात लावतात, हे मला नंतर नीलेशने सांगितलं. त्या क्षणी मला फक्त एवढंच दिसलं की आमच्या आई झाडं मारत आहेत. आणि त्याच वेळी हेही दिसलं की त्यांना फार बरं वाटतं आहे.

तन्वी माझ्या मागून आली होती. ती ओरडली. शब्द नव्हता, नुसती किंकाळी. आई थांबल्या. हातात अर्धी जुडी. त्यांनी तन्वीकडे बघितलं, मग डोंगराकडे, मग माझ्याकडे, आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी लिहू शकत नाही. लहान मुलाला अनोळखी घरात जाग यावी तसं काहीतरी. त्यांनी जुडी खाली ठेवली आणि ओले हात पदराला पुसले.

कुणी वाईट बोललं नाही. ते बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं. जिग्नेशभाईंनी आधी जुड्या उचलल्या आणि सोडायला घेतल्या, मग बाकीचे आले. माती धुऊन गेलेली रोपं त्याच खड्ड्यांत परत लावली. बिबव्याचं एक रोप हातात घेऊन तन्वी पाठमोरी झाली. मी तिला म्हटलं, पहिल्या दिवशी तुम्हीच आम्हाला उपटायला शिकवलंत. म्हणायला नको होतं. ती मान हलवत राहिली. मग निघताना मला बाजूला घेऊन, जवळजवळ माझी माफी मागत म्हणाली, "ताई, तुम्ही या. पण आजींना पुढच्या वेळी नका आणू, प्लीज. मला त्यांच्यावर लक्ष ठेवता येणार नाही."

रिक्षात आई खिडकीच्या बाजूने बघत होत्या. नखांत चिखल. मला वाटलं त्या विसरल्या असतील. मनात आलं, विसरल्या असतील तर बरंच आहे. मग त्यांनीच विषय काढला.

"माका वाटला, तरवो काढूचो आसा," त्या म्हणाल्या. "मगे ता चेडू वराडला, तेवा समाजला."

मी विचारलं, आई, त्याआधी काहीच कळत नव्हतं? त्यांनी विचार केला. लगेच नाही म्हणाल्या नाहीत. मग म्हणाल्या, सगळं कळत होतं, फक्त ते इथलं नव्हतं. आणि थोड्या वेळाने, "नीलेशाक सांगतलंस?"

नाही सांगणार, मी म्हटलं. पटकन म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. पेपर तपासणारीने पेपर फाडून टाकायचं ठरवलं होतं. त्याला कळलं असतं तर गाव संपलं होतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं. पण असं म्हटल्यावरही मला हलकं वाटेना. समजा मी गप्प बसले, त्या गावाला गेल्या, आणि उद्या विहिरीच्या काठाला त्यांना असंच काहीतरी वाटलं तर? आणि समजा मी बोलले, आणि पुढची सगळी वर्षं त्या आमच्या गॅलरीत बसून रोज सकाळी कदी धाडतास विचारत राहिल्या तर? यातलं कुठलं मुळासकट काढायचं आणि कुठलं लावायचं, मला खरंच कळत नव्हतं.

घरी नीलेशने दार उघडलं. आमचे चिखलाने माखलेले पाय बघून हसला आणि, झकास, किती झाडं लावली, असं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "मी झाडां उपटलंय."

मग उंबऱ्यातच उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. ओहोळ, जुड्या, ओरडणं, सगळं क्रमाने, एकही गोष्ट न विसरता. कोंबड्यांचंही सांगितलं. म्हणजे आरेला त्यांना तेही कळलं होतं, मला दाखवलं नव्हतं एवढंच. नीलेशचं हसू गेलं. तो म्हणाला, बघ ना आई, म्हणूनच मी म्हणतोय. इथे मी आहे, मनीषा आहे, डॉक्टर आहेत. सुमनताई दोन घरं पलीकडे असली तरी ती किती बघणार?

आई आत येऊन खुर्चीवर बसल्या. चिडल्या नाहीत. मला इतके दिवस वाटत होतं की त्या मान्य करत नाहीत. त्यांनी तर सगळं मान्यच केलं.

"मी इसारतंय, माका ठावक आसा," त्या म्हणाल्या. "रोज थोडा थोडा इसारतंय. हंय मी चुकलंय, तर कोणाक तरी माका हुडकूक येवचा लागता. थंय चुकलंय, तरी मी माझ्याच मळ्यात असतलंय."

नीलेश भिंतीला टेकून उभा होता. माझ्याशी तो मुंबईचं मराठी बोलतो, ऑफिसात हिंदी, आणि आईशीही अलीकडे बहुतेक मुंबईचंच.  मी चहा ठेवायला म्हणून वळले आणि तशीच थांबले. मग त्याने विचारलं, गावच्या भाषेत, आणि इतक्या हळू की मी त्याचा तो आवाज कधी ऐकलेला नव्हता.

"आणि माका इसारलंस तर?"

आईंनी त्याच्याकडे बघितलं. खोटं त्यांना सांगायचं नव्हतं.

"तू येत रव," त्या म्हणाल्या. "'कोणाचो रे तू?' म्हणान इचारतलंय. पण जेवल्याशिवाय धाडूचंय नाय."